फुली म्हणजे चूक की बरोबर?

साकीनाका मेट्रो स्टेशनवरून खाली उतरून खैरानी रोडला लागलं, की लोखंड, प्लास्टिक, तारा आणि जुन्या मशिनींचा वेगळाच बाजार सुरू होतो. तिथल्या एका भंगाराच्या दुकानात परवा मला ओळखीचा काळा डबा दिसला. प्लेस्टेशन 2, व्हिडिओ गेम खेळायचं मशीन! सोबत वायर तुटलेला कंट्रोलर. रुमालाने पुसला, तशी चार बटणं दिसू लागली: त्रिकोण, गोल, फुली, चौकोन.

आता सांगा, यातलं ‘हो, चालू कर’ म्हणायचं बटण कोणतं? जे खेळतात ते लगेच ओरडतील, “फुली!” पण थांबा हं. बाईंनी वहीत फुली मारली की आपण काय समजतो? गणित चुकलं! मग चुकीची खूण ‘हो’ कशी काय झाली?

ही बटणं मुळात जपानची. तिथल्या शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात. म्हणून सोनी कंपनीच्या तेइयू गोतो या डिझायनरने गोल म्हणजे ‘हो’ आणि फुली म्हणजे ‘नाही’ असं ठरवलं. 3 डिसेंबर 1994 ला पहिला प्लेस्टेशन जपानच्या दुकानांत आला तो असाच. अमेरिकेतल्या खेळांमध्ये मात्र फुलीच ‘हो’ होऊन बसली! पुढची पंचवीसेक वर्षं तेच बटण दोन देशांतली मुलं दोन वेगळ्या अर्थांनी दाबत होती.

मग जिंकलं कोण? गिऱ्हाईक. जपानमधली मुलं हळूहळू मोबाइलकडे आणि बरोबर नेता येणाऱ्या छोट्या मशिनींकडे वळली, प्लेस्टेशन जास्त खपू लागला अमेरिका आणि युरोपात. 2016 मध्ये सोनीच्या खेळविभागाचं मुख्य ऑफिससुद्धा कॅलिफोर्नियात गेलं. आणि नोव्हेंबर 2020 मध्ये प्लेस्टेशन 5 आला, तेव्हा जपानमध्येही फुली म्हणजे ‘हो’ झाली. ज्या देशात त्या खुणा जन्मल्या, तिथल्याच मुलांना बोटांची सवय मोडावी लागली. मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटलं.

पण आपला भंगारातला डबा विसरू नका, खरी कमाल त्याची आहे. प्लेस्टेशन 2 जपानमध्ये आला मार्च 2000 मध्ये. सहा वर्षांनी पुढचं मशीन, प्लेस्टेशन 3 आलं. म्हणजे जुनं संपलं? मुळीच नाही. सुरुवातीला त्याच्या पोटात दोन मोठ्या चिप होत्या, एक हिशेब करणारी आणि एक चित्रं काढणारी. पुढे चिपवरची नक्षी आणखी बारीक कोरता येऊ लागली. नक्षी बारीक झाली की सिलिकॉनच्या एकाच चकतीतून जास्त चिप निघतात, त्या कमी तापतात आणि कमी वीज खातात. शेवटी दोन्ही चिप मिळून एकच झाली, डबा वहीएवढा पातळ झाला आणि किंमतही उतरली. मग जिथे नवं मशीन परवडत नव्हतं, त्या देशांत जुन्याची नवी गिऱ्हाइकं तयार झाली. त्यात आपणही होतो! असं करत करत प्लेस्टेशन 2 जगभरात 15 कोटींहून जास्त खपला.

पण नुसता डबा घेऊन करायचं काय? खेळ हवेत, आणि ते आपलेसे वाटायला हवेत. कंपनीची मोठी कमाई असते खेळांवर. बाहेरच्या कंपनीचा खेळ बऱ्याचदा सगळ्यांच्याच मशिनींवर चालतो. आपल्याच मशीनकडे लोकांनी यावं म्हणून घरचे खेळ लागतात. 1997 ची ‘ग्रान टुरिझ्मो’ ही मोटारींची शर्यत सोनीच्या घरचीच, आणि टोकियोत घडलेला छोटा यंत्रमानव अ‍ॅस्ट्रो बॉटही घरचाच.

भारतासाठी सोनीने इथल्याच लोकांकडून खेळ करून घेतले. 2009 चा ‘देसी अड्डा’ हैदराबादमध्ये तयार झाला. त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंगांची काटाकाटी. आणि 2010 मध्ये आपल्या मुंबईच्या ट्राइन गेम्सने केला ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. हिरवंगार स्टेडियम नाही, चक्क गल्ली क्रिकेट! दहा वर्षांच्या म्हाताऱ्या मशीनवर आपली गल्ली आली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग हाच.

आता लगोरीचा खेळ तुम्ही बनवा. एक कागद घ्या, त्यावर त्रिकोण, गोल, फुली, चौकोन काढा. नेम धरायचा कोणत्या बटणाने, चेंडू फेकायचा कोणत्या, पळायचं कोणत्या आणि लगोर रचायची कोणत्या, ते ठरवा. आणि तुमच्या खेळात फुली म्हणजे ‘हो’ की ‘नाही’, तेही लिहून आम्हाला पाठवा.