लघुजलविद्युत प्रकल्प : पाणी, भांडवल आणि निर्णयाचा अधिकार

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
- लघुजलविद्युत प्रकल्पाची व्याख्या व प्रकार सांगता येतील.
- पाण्याची उंची व प्रवाह यांवरून विद्युतशक्तीचा अंदाज काढता येईल.
- प्रकल्पातील गुंतवणूक व तिची जोखीम उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
- सिंचन, पर्यावरण आणि वीजनिर्मिती यांतील संबंधाचे विवेचन करता येईल.

१. प्रास्ताविक

धरणाच्या विमोचकातून कालव्यात पाणी सोडले जाते, तेव्हा ते मोठ्या वेगाने, फेसाळत बाहेर येते. हा वेग कालव्याला नको असतो. कालव्याचा तळ व काठ खचू नयेत म्हणून पाण्याची ऊर्जा शांत करण्यासाठी अभियंत्यांना मुद्दाम बांधकाम करावे लागते. हीच ऊर्जा टर्बाइन फिरवण्यास लावली, तर शेतीचे पाणी थेंबानेही कमी न होता वीज मिळते. धरणपायथ्याच्या विद्युतगृहामागील मूळ कल्पना एवढीच आहे.

कल्पना सोपी असली तरी तीत भांडवल गुंतवणे सोपे नाही. येथे इंधन फुकट असते, परंतु ते केव्हा व किती मिळेल हे विद्युतगृहाचा चालक ठरवत नाही. यंत्राची क्षमता विकत घेता येते, पाण्याची वेळ विकत घेता येत नाही. या घटकातील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

२. व्याख्या व पार्श्वभूमी

भारतात २५ मेगावॅटपर्यंतच्या जलविद्युत प्रकल्पास ‘लघु’ म्हणतात. त्यातही १०० किलोवॅटपर्यंतचा प्रकल्प ‘सूक्ष्म’, १०१ ते २,००० किलोवॅटपर्यंतचा ‘मिनी’ आणि त्यापुढे २५,००० किलोवॅटपर्यंतचा ‘लघु’ असे वर्गीकरण केले जाते. १९९९ पासून २५ मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाच्या, म्हणजे आजच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या, कक्षेत आहेत.

भारतातील जलविद्युतेचा आरंभच लहान प्रकल्पाने झाला. १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १३० किलोवॅटचे केंद्र सुरू झाले. पुढे मोठ्या धरणांच्या काळात लहान प्रकल्प मागे पडले. सिंचनासाठी बांधलेल्या धरणांतून वाया जाणाऱ्या ऊर्जेकडे लक्ष गेल्यावर त्यांना पुन्हा महत्त्व आले.

महाराष्ट्रात पानशेत (८ मेगावॅट), वरसगाव (८ मेगावॅट), भातसा (१५ मेगावॅट) आणि येलदरी (२२.५ मेगावॅट) ही या प्रकारची परिचित उदाहरणे आहेत. नीरा खोऱ्यातील उदाहरण विशेष बोलके आहे. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे विद्युतगृह आहे. तेथून सुटलेले पाणी नीरा नदीतून वीर धरणात येते. तेथे ९ मेगावॅटच्या विद्युतगृहातून पुन्हा वीज निर्माण होते आणि त्यानंतर ते पाणी शेतीला जाते. एकच पाणी दोनदा वीज देते आणि शेवटी पीकही पिकवते.

३. प्रकल्पाचे प्रकार व घटक

रचनेच्या दृष्टीने लघुप्रकल्पांचे तीन प्रकार सांगता येतात.

(अ) *धरणपायथा प्रकल्प* : यात जलाशयाचे साठवलेले पाणी वापरले जाते. धरण आधीच बांधलेले असल्याने खर्च वाचतो, मात्र पाणी सोडण्याचा निर्णय सिंचनाच्या गरजेनुसार होतो.

(आ) *कालव्यावरील प्रकल्प* : कालव्याच्या मार्गात जेथे उतार तोडण्यासाठी पाणी खाली पाडले जाते, तेथे असा प्रकल्प उभारतात. उंची थोडी आणि प्रवाह मोठा असतो.

(इ) *वळण प्रकल्प* : डोंगरी ओढ्यावर लहान बंधारा घालून पाणी पाटाने दूर नेले जाते आणि उतारावरून पोलादी नळातून खाली सोडले जाते. हिमालयात असे प्रकल्प पुष्कळ आहेत.

नळातून आलेले पाणी टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्राला फिरवते, रोहित्र विजेचा दाब वाढवते आणि वाहिनीद्वारे वीज उपकेंद्रापर्यंत जाते. उंची जास्त व पाणी थोडे असल्यास पेल्टन, मध्यम उंचीसाठी फ्रान्सिस आणि कमी उंची पण भरपूर पाणी असल्यास कॅप्लान टर्बाइन वापरतात.

४. शक्तीचे गणित

पाण्यापासून मिळणारी शक्ती पुढील सूत्राने काढतात :

*शक्ती (किलोवॅट) = ९.८१ × प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद) × उंची (मीटर) × कार्यक्षमता*

उंची म्हणजे वरच्या व खालच्या पाण्याच्या पातळीतील फरक. अभियंते तिला ‘हेड’ म्हणतात. समजा, एका धरणावर ३० मीटर उंची आहे, कालव्यात १० घनमीटर प्रतिसेकंद पाणी सोडले जाते आणि यंत्रसंचाची कार्यक्षमता ०.८५ आहे. तर शक्ती ९.८१ × १० × ३० × ०.८५, म्हणजे सुमारे २,५०० किलोवॅट किंवा २.५ मेगावॅट होते.

आता एक बाब ध्यानात घ्या. उन्हाळ्यात जलाशय उतरतो. समजा, उंची १८ मीटरवर आली. पाणी तेवढेच सोडले तरी शक्ती सुमारे १,५०० किलोवॅट एवढीच राहते. म्हणजे विजेची गरज वाढते त्याच दिवसांत यंत्राची प्रत्यक्ष शक्ती घटते. यंत्रावरील पाटीवर लिहिलेली क्षमता ही कमाल मर्यादा असते, नेहमीचे उत्पादन नव्हे.

> स्वयं-अध्ययन प्रश्न
> १. उंची २० मीटर, प्रवाह ५ घनमीटर प्रतिसेकंद आणि कार्यक्षमता ०.८० असल्यास शक्ती किती?
> २. हा प्रकल्प सूक्ष्म, मिनी की लघु?

५. गुंतवणुकीचे अर्थशास्त्र

औष्णिक केंद्रात भांडवलाबरोबर दरवर्षी कोळशाचाही खर्च येतो. वीज कमी निर्माण केली, तर कोळसाही कमी लागतो. जलविद्युतेत हा दिलासा नाही. जवळजवळ सर्व खर्च आरंभीच होतो आणि पाणी आले नाही तरी कर्जाचा हप्ता चुकत नाही. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, वरील २.५ मेगावॅट प्रकल्पास २० कोटी रुपये खर्च आला. वीज नियामक आयोग दर ठरवताना सामान्यतः ७०:३० असे कर्ज व स्वभांडवलाचे प्रमाण धरतात. त्यानुसार १४ कोटी कर्ज आणि ६ कोटी स्वभांडवल असेल. व्याज दहा टक्के आणि परतफेड दहा वर्षांत समान मुद्दलाने, असे मानू. तर पहिल्या वर्षी १.४ कोटी व्याज व १.४ कोटी मुद्दल, म्हणजे एकूण २.८ कोटी रुपये द्यावे लागतील. देखभाल व चालवण्याचा खर्च ७० लाख रुपये आणि विजेचा दर प्रतियुनिट ५ रुपये धरू.

*चांगले वर्ष* : पाणी १५० दिवस पूर्ण क्षमतेने मिळाले. रोजचे उत्पादन ६०,००० युनिट, वर्षाचे ९० लाख युनिट. उत्पन्न ४.५ कोटी. देखभाल वजा जाता ३.८ कोटी उरतात, त्यांतून २.८ कोटींची फेड होऊन १ कोटी रुपये शिल्लक राहतात.

*अवर्षणाचे वर्ष* : पाणी ६० दिवसच सोडले गेले. उत्पादन ३६ लाख युनिट, उत्पन्न १.८ कोटी. देखभाल वजा जाता १.१ कोटी उरतात. कर्जफेडीसाठी १.७ कोटी रुपये कमी पडतात.

एका अवर्षणाने सुमारे पावणेदोन चांगल्या वर्षांची शिल्लक पुसली जाते. शिवाय आपण उन्हाळ्यात घटणारी उंची हिशेबात घेतलेलीच नाही, म्हणजे हे गणित उदार आहे. वर्षभर अखंड चालल्यास जेवढी वीज निर्माण झाली असती, तिच्याशी प्रत्यक्ष उत्पादनाचे प्रमाण म्हणजे ‘क्षमता वापर गुणांक’. आपल्या चांगल्या वर्षात तो सुमारे ४१ टक्के येतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाने दर ठरवण्यासाठी हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडील राज्यांसाठी ४५ टक्के, तर इतर राज्यांसाठी ३० टक्के गुणांक गृहीत धरला आहे. हिमालयातील नद्यांना बर्फाचा आधार आहे, दख्खनच्या नद्या पावसाळ्यावर अवलंबून आहेत. हा भौगोलिक फरक असा थेट ताळेबंदात उतरतो.

म्हणून सुजाण गुंतवणूकदार सरासरी पावसावर विसंबत नाही. तो अनेक वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदी पाहतो आणि ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे तरी मिळेल एवढे, पाणी गृहीत धरून हिशेब करतो. वाईट वर्षांसाठी राखीव निधी वेगळा ठेवणे ही येथे चैन नसून गरज आहे.

६. निर्णयाचा अधिकार कोणाचा?

महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये लघुजलविद्युत प्रकल्पांत खासगी सहभागाचे धोरण आखले. विकासकाने प्रकल्प बांधावा, तीस वर्षे चालवावा आणि नंतर शासनाकडे हस्तांतरित करावा, अशी त्याची सर्वसाधारण चौकट आहे. परंतु विद्युतगृह विकासकाकडे आले तरी धरणाचे दरवाजे त्याच्याकडे येत नाहीत.

आवर्तन केव्हा सुरू करायचे आणि किती दिवस चालवायचे, याचा विचार जलसंपदा विभाग व कालवा सल्लागार समिती पिण्याचे पाणी आणि पिकांची गरज पाहून करतात. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीत पिण्याचे पाणी, सिंचन आणि त्यानंतर जलविद्युत असा अग्रक्रम होता. वीज संध्याकाळी अधिक मोलाची असते, म्हणून विकासकाला फक्त संध्याकाळी पाणी सोडणे लाभाचे वाटेल. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याला मात्र संथ व अखंड प्रवाह हवा असतो. प्रवाह तुटला की टोकापर्यंत पाणी पोहोचत नाही.

येथे शेतकऱ्याचा अग्रक्रम राखणे न्याय्य आहे. कारण धरण सार्वजनिक पैशातून आणि विस्थापितांच्या त्यागातून उभे राहिले आहे, विद्युतगृहाने केवळ त्याच्या उपउत्पादनाचा लाभ घेतला आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाण्याची अनिश्चितता सर्वस्वी विकासकावर टाकली, तर कर्ज महागते आणि वाया जाणारी ऊर्जा वायाच जाते. यावर मार्ग म्हणजे करारापूर्वीच आवर्तनांच्या जुन्या नोंदी उघड करणे आणि त्यांच्या आधारे दर ठरवणे. जोखीम नाहीशी करता येत नाही, परंतु ती आधी सांगता येते.

७. पर्यावरण व लोकसहभाग

‘लघु’ म्हणजे निरुपद्रवी, असा समज होतो. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २५ मेगावॅटपेक्षा कमी क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीची अट नाही. धरणपायथा प्रकल्पाबाबत हे समजण्यासारखे आहे, कारण तेथे नवे धरण बांधले जात नाही. वळण प्रकल्पात मात्र बंधारा व विद्युतगृह यांमधला नदीचा भाग कोरडा पडू शकतो. एकाच नदीवर असे अनेक प्रकल्प झाले, तर प्रत्येक प्रकल्प लहान असूनही नदी तुकड्यातुकड्यांनी आटते. म्हणून किमान प्रवाह सोडण्याची अट आणि संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित अभ्यास आवश्यक ठरतो.

मालकीचा आणखी एक नमुना नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात घडला. बिलगाव येथे २००३ मध्ये धबधब्यावर सुमारे १५ किलोवॅटचा सूक्ष्म प्रकल्प ग्रामस्थांच्या श्रमदानातून उभा राहिला आणि दुर्गम आदिवासी पाड्यांत दिवे लागले. २००६ च्या पुरात तो नष्ट झाला. त्या प्रकल्पात वापरणारे आणि निर्णय घेणारे एकच होते, ही त्याची ताकद होती. परंतु नदीच्या पुढच्या प्रवाहावर आणि मोठ्या धरणाच्या फुगवट्यावर गावाचा अधिकार नव्हता, ही त्याची मर्यादा होती. गुंतवणूक पैशाची असो वा श्रमाची, पाण्याच्या निर्णयात वाटा नसेल तर ती असुरक्षित राहते.

८. सारांश

लघुजलविद्युत प्रकल्प म्हणजे २५ मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प. त्याची शक्ती प्रवाह आणि उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असते आणि दोन्ही गोष्टी ऋतूनुसार बदलतात. खर्च आरंभी व निश्चित, उत्पन्न मात्र अनिश्चित, हे त्याच्या अर्थशास्त्राचे वैशिष्ट्य आहे. म्हणून अशा प्रकल्पाचे मूल्यमापन करताना ‘किती मेगावॅट?’ या प्रश्नाआधी ‘पाणी कोण, केव्हा आणि कोणासाठी सोडतो?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

पारिभाषिक शब्द

- *आवर्तन* : सिंचनासाठी ठरावीक काळ कालव्यात पाणी सोडणे; पाणीपाळी.
- *विमोचक* : धरणातून पाणी बाहेर सोडण्याचा मार्ग.
- *रोहित्र* : विजेचा दाब कमी-अधिक करणारे यंत्र.
- *स्वभांडवल* : कर्जाव्यतिरिक्त मालकाने गुंतवलेली रक्कम.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. सुमारे ७८५ किलोवॅट. २. मिनी.

सरावासाठी प्रश्न

१. धरणपायथा आणि वळण प्रकल्प यांची तुलना करा.
२. विभाग ५ मधील उदाहरणात पाणी १०० दिवस मिळाले, तर कर्जफेड होईल का? आकडेमोड करून लिहा.
३. तुमच्या जवळच्या धरणास भेट द्या. तेथे विद्युतगृह आहे का, गेल्या वर्षी किती आवर्तने झाली आणि ती कोणी ठरवली, याची माहिती घेऊन टिपण तयार करा.