'प्लेस', जागा आणि पैस

इंग्रजीतल्या 'प्लेस' शब्दाला मराठीत काय म्हणावे, असे कुणी विचारले की आम्ही चटकन 'जागा' म्हणून मोकळे होतो. पण शर्यतीतली प्लेस म्हणजे क्रमांक. लग्न जमवताना आम्हांला जागा चालत नाही, तेथे 'स्थळ'च पाहिजे. जागेची चिंता लग्नानंतर! उलट कचेरीत जागा रिकामी होते, निवडणुकीत पक्षाला जागा मिळतात, आणि गवयाने एखादी जागा सुरेख घेतली की आम्ही मान डोलावतो. ही शेवटची जागा 'प्लेस' म्हणून साहेबाला समजणे कठीणच. 'संस्थान' पाहा. सांगली १९४८ साली आणि कोल्हापूर १९४९ साली विलीन झाले. शिर्डीचे संस्थान मात्र नांदते आहे.

'प्लेस'चे मूळ ग्रीक. लॅटिनमधून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ रुंद रस्ता. संस्कृत 'पृथु' त्याचाच भाऊबंद. आता आपल्या जिल्ह्यातले नेवासे घ्या. शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्या खांबाशी बसून ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केले असे आपण मानतो, तो 'पैसाचा खांब'. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. 'ऐसपैस' आपण रोज म्हणतो, पण सुटा 'पैस' बोलण्यातून जवळजवळ गेला. म्हणून नवखा माणूस 'पैशाचा खांब' असे ऐकतो आणि तेथे नाणी कुठे चिकटवली आहेत ते शोधतो. रूपच सांगते: पैसा असता तर 'पैशाचा' झाले असते, 'पैसाचा' होते ते पैसाचे.