दाढीनंतरची आग : दोष साबणाचाच का?

दाढी केल्यावर गाल चुरचुरू लागले, गळ्याखाली लाल पुरळ उठले, दोन दिवसांनी खाज सुटली, की घरोघरी निकाल एकच लागतो : साबण बाधला. मग दुसऱ्या कंपनीची ट्यूब येते. काही आठवडे बरे जातात, पुरळ परत येते, आणि तिसरी ट्यूब येते. हिंगणघाटच्या कुठल्याही सलूनमध्ये विचारा, असे चार-पाच साबण बदलून झालेली गिऱ्हाइके त्यांच्या माहितीत असतातच. पण ट्यूब बदलणे म्हणजे तपास नव्हे. एका दाढीच्या वेळी चेहऱ्याला पाणी, फेस, ब्रश, ब्लेड, तुरटी, लोशन आणि टॉवेल अशा निदान सहा-सात गोष्टी लागतात, आणि दिवसभरात ऊन, धूळ, घाम, केसांचा डाय, शेतातले गवत यांची भर पडते. यातली एकच गोष्ट बदलून बाकीच्यांकडे पाहिलेच नाही, तर गुण आला तरी तो कशाने आला ते कळत नाही, आणि नाही आला तरी साबण निर्दोष ठरत नाही. कारण शोधायचे तर बाटलीवरचे नाव बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : त्रास किती वेळाने सुरू होतो, चेहऱ्याच्या नेमक्या कुठल्या भागावर होतो, आणि वर्षाच्या कुठल्या दिवसांत वाढतो.

आधी साबणाचे म्हणणे ऐकून घेऊ. दाढीचा साबण काय किंवा क्रीम काय, मुळात स्टिअरिक आम्ल आणि खोबरेलासारखी तेले, त्यांचा साबण करणारे पोटॅशियम आणि सोडियम हायड्रॉक्साइड, ओलावा धरून ठेवणारे ग्लिसरिन, आणि वर वासाची व टिकवण्याची द्रव्ये. हा पाया बहुतेक कंपन्यांचा सारखाच असतो, म्हणूनच नाव बदलून पुष्कळदा काही बदलत नाही. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी. साबणाच्या फेसाचा ९ ते १०. केस मऊ करणारा हा फेस त्वचेवरचे स्निग्ध आवरणही धुऊन नेतो. त्यावरून ब्लेड फिरते तेव्हा केसांबरोबर कातडीचा वरचा थरही थोडा खरवडला जातो, आणि उघड्या पडलेल्या त्या जागेवर आपण तुरटी किंवा स्पिरिटचे लोशन लावतो. अशी आग कोणाचीही होऊ शकते. हा क्षोभ आहे, ॲलर्जी नाही. क्षोभ काही मिनिटांत किंवा तासांत उमटतो, त्यात खाजेपेक्षा चुरचुर जास्त असते, आणि जिथे ब्लेड जास्त घासले तिथेच तो राहतो.

ॲलर्जीची चाल निराळी आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या द्रव्याला ओळखून त्याच्यावर उठते, आणि या उठावाला वेळ लागतो : साधारण एक ते तीन दिवस. रविवारी सकाळी दाढी केली, तर खाज मंगळवारी सुटू शकते. रोज दाढी करणाऱ्याला यातले काहीच उमगत नाही, कारण कुठल्या दाढीची खाज कुठल्या दिवशी आली याचा हिशेब लागत नाही. आपल्याकडे वार पाळून मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी वस्तरा न लावणारे पुष्कळ आहेत. अशांना ही सोय आपोआप मिळते. मधल्या रिकाम्या दिवसांत काय घडते एवढे त्यांनी कॅलेंडरवर टिपून ठेवले, तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते. ॲलर्जी पसरतेही; फेस गालाला लावला तरी सूज पापण्यांवर दिसू शकते, कारण पापणीची कातडी चेहऱ्यावर सर्वांत पातळ असते.

डोळ्यांसमोरचा संशयित आणि खरा कारक वेगळे असू शकतात, याचे सर्वांत भीषण उदाहरण दाढीच्याच इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांच्या आणि नागरिकांच्या चेहऱ्यावर व मानेवर काळ्या खपलीचे फोड येऊ लागले. तो अँथ्रॅक्स होता, आणि काही जण त्यात दगावले. जखम दाढीच्या जागी, म्हणजे शंका साहजिकच वस्तऱ्यावर जाणार. पण तपासाचा धागा नव्या ब्रशांपर्यंत गेला. युद्धामुळे बॅजरच्या केसांचा पुरवठा आटला होता, आणि स्वस्त आयात घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून ब्रशांत भरले जात होते. ते नीट निर्जंतुक झालेले नव्हते. दोष साबणाचा किंवा वस्तऱ्याचा नव्हता, होता तो ब्रशच्या केसाचा. आज ब्रशातून अँथ्रॅक्सची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, पण न वाळलेला, अनेकांच्या गालांवर फिरलेला ब्रश आणि तेच ब्लेड केसतुडे आणि नायटा या गालावरून त्या गालावर नेतात, हे आजही खरे आहे. दाढीच्या भागात कडा उठलेले गोल चट्टे किंवा केसाच्या मुळाशी पू धरलेले फोड असतील, तर साबण कितीही बदलला तरी ते जाणार नाहीत.

पाणी आणि ब्लेड यांचे थोडक्यात सांगतो. हिंगणघाटचा परिसर काळ्या बेसाल्ट खडकाचा. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. कठीण पाण्यात साबणाचा फेस धरत नाही, न विरघळणारी चिकट साय होते आणि ती कातडीवर राहते. फेस कमी म्हणून माणूस साबण वाढवतो आणि ब्लेड दाबतो. एक आठवडा आरओ फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने दाढी करून पाहिली की हा मुद्दा निकाली निघतो. ब्लेडचे म्हणाल, तर कुरळ्या, राठ केसांच्या माणसाला उलट्या हाताची, अगदी गुळगुळीत दाढी बाधते. कातडीच्या पातळीखाली कापला गेलेला केस वळून आतच घुसतो आणि गळ्यावर टोचऱ्या पुटकुळ्या उठतात. एकापेक्षा जास्त पात्यांच्या रेझरने हा त्रास वाढू शकतो, कारण पहिले पाते केस ओढते आणि पुढचे तो खोलवर कापते. इथे उपाय म्हणजे सुलट हाताची दाढी आणि थोडे खुंट राहू देणे.

आता आपल्या भागातल्या त्या संशयिताकडे येऊ, ज्याचे नाव दाढीच्या संदर्भात कोणाच्या तोंडी येत नाही. गाजर गवत. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात त्याची प्रथम नोंद झाली. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. आज ते पडीक जमिनीत, नाल्याकाठी, रस्त्याच्या दुतर्फा आणि कपाशीच्या बांधावर सगळीकडे आहे. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य त्वचेची तीव्र ॲलर्जी घडवते. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६८ पासून असे रुग्ण नोंदवायला सुरुवात केली, आणि बाधितांत पुरुषांचे, त्यातही उघड्यावर काम करणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे निघाले. या गवताला हात लावायचीही गरज नाही. वाळलेल्या झाडाचे कण आणि पानांवरची बारीक लव हवेबरोबर येऊन घामट चेहऱ्यावर बसते. सकाळी दाढीने कातडी सोलवटलेली, दुपारी शेतात किंवा जिनिंगच्या आवारात धूळ, आणि एक-दोन दिवसांनी गालाची आग. ठपका मात्र साबणावर येतो. ओळखायची खूण अशी : साबणाचा त्रास, पापण्यांवर कधीतरी येणारी सूज सोडली तर, दाढीच्या जागेपुरता राहतो, ब्लेड जात नाही तो भाग सहसा कोरा सुटतो. हवेतून येणारी ॲलर्जी मात्र वरच्या पापण्या, कानामागची घडी, हनुवटीखालचा भाग, मानेच्या वळ्या आणि कोपराच्या खोबणी, म्हणजे कण साचून राहण्याच्या जागा धरते. कानामागे कोणी दाढी करत नाही. तिथे कातडी जाड होऊन खाजत असेल, तर साबणाला सोडून द्यावे. शिवाय हा त्रास सुरुवातीला ऋतूनुसार येतो-जातो, पावसाळ्यात गवत माजते तेव्हा वाढतो, आणि दुर्लक्ष झाले तर बारमाही होऊन बसतो. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली असल्याने काहींना त्यांचाही त्रास होतो. फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाचा तुषार चेहऱ्यावर येतो, तीही शक्यता तपासात धरली पाहिजे.

यावर एक हरकत हमखास येते : वीस वर्षे हाच साबण वापरतो, आजच कसा बाधेल? हरकत योग्य वाटते, पण ॲलर्जी जन्मजात नसते. एखाद्या द्रव्याशी वारंवार संबंध येऊन ती जडते, कधी महिन्यांत, कधी दशकांनी. दुसरे, ट्यूबवरचे नाव तेच राहून आतला मसाला बदलू शकतो. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे टिकाऊपणासाठीचे द्रव्य गेल्या काही दशकांत जगभरच्या प्रसाधनांत पसरले आणि त्याच्या ॲलर्जीची लाट आली. २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला त्या वर्षीचे प्रमुख ॲलर्जीकारक जाहीर केले, आणि २०१७ पासून युरोपने कातडीवर राहणाऱ्या प्रसाधनांत ते बंद केले व २०१८ पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.००१५ टक्क्यांची मर्यादा घातली. दुसरी हरकत असते ती वनस्पतींची बाजू घेणारी : आयुर्वेदिक, हर्बल लिहिलेले कसे बाधेल? गाजर गवत ही वनस्पतीच आहे. लिंबू, चंदन, पुदिना यांच्या सुगंधी तेलांतली द्रव्येही काहींच्या कातडीला सोसत नाहीत. डब्यावर फक्त ‘परफ्यूम’ एवढेच छापलेले असते, त्याखाली डझनावारी द्रव्ये असू शकतात. तुरटीने रक्त थांबते हे खरे, पण सोलवटलेल्या कातडीला ती कोरडी करते आणि झोंबते, हेही तितकेच खरे. आणि दाढी-मिशीला काळा डाय किंवा काळी मेहंदी लावणाऱ्यांनी साबणाआधी डायकडे पाहावे. त्यातले पीपीडी हे ओळखीचे, जबर ॲलर्जीकारक आहे.

तिसरी हरकत सर्वांत धोक्याची : एवढा तपास कशाला, मेडिकलमधली ट्यूब लावली की दोन दिवसांत साफ होते. होते खरे, कारण त्या ट्यूबमध्ये बहुधा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. स्टेरॉइड लाली दाबते, कारण दाबत नाही. नायटा असेल तर तो त्याखाली पसरतो आणि त्याचे रूपच बदलते; पुढे कोणत्याही डॉक्टरला तो ओळखणे अवघड जाते. महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ पडते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, आणि ट्यूब थांबवताच चेहरा पेटतो. ती आगही परत दाढीच्या नावावर जमा होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरने सांगितलेले नव्हते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. कायदा झाला, सवय तशीच आहे. माझ्या मते दाढीच्या पुरळाचे कारण न सापडण्यामागे खराब साबणापेक्षा या ट्यूबचा वाटा मोठा आहे.

मग तपास करायचा कसा? पहिली परीक्षा फुकटची आहे : तीन आठवडे दाढीच करू नये. स्टेरॉइड, लोशन, डाय सगळे बंद, चेहरा साध्या पाण्याने धुवावा. (बराच काळ स्टेरॉइड लावलेल्यांनी मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावे.) एवढे करूनही पुरळ कायम असेल, तर साबण सुटला, गवत, बुरशी किंवा दुसरा त्वचारोग शोधावा. चेहरा साफ झाला, तर एकेक गोष्ट परत आणावी आणि दोन गोष्टींमध्ये निदान आठवडा जाऊ द्यावा : आधी नुसते पाणी आणि नवे ब्लेड, मग क्रीम, मग ब्रश, शेवटी तुरटी किंवा लोशन. लोशनसारखी धुवायची नसलेली वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहता येते. साबण मात्र असा लावून ठेवू नये, पट्टीखाली तर मुळीच नाही. दाबून ठेवलेला साबण कोणाचीही कातडी लाल करतो आणि त्यातून खोटा निष्कर्ष निघतो. डब्यावरचे घटकही वाचावेत. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार ते छापणे बंधनकारक आहे, पण ३० ग्रॅमपेक्षा लहान ट्यूबला सूट आहे. म्हणून संशय असेल तेव्हा मोठी ट्यूब घ्यावी.

घरच्या परीक्षेने उलगडा झाला नाही, तर पॅच टेस्ट आहे. योसेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली मांडलेली ही पद्धत आजही प्रमाण मानतात. पाठीवर लहान कप्प्यांतून ठराविक द्रव्ये चिकटवतात, ४८ तासांनी काढून पाहतात, आणि एक-दोन दिवसांनी परत पाहतात. भारतीय रुग्णांसाठीच्या ठरलेल्या संचात गाजर गवत, पीपीडी आणि सुगंधी मिश्रण यांचा समावेश आहे. पाठ भिजू द्यायची नसते, घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून विदर्भातल्या एप्रिल-मेपेक्षा हिवाळ्यात ही चाचणी करून घेतलेली बरी. हिंगणघाटहून जवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे; दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहेत. चाचणीची सोय आणि वार आधी विचारून मगच निघावे, कारण एका फेरीत हे काम होत नाही. जाताना घरातला साबण, क्रीम, ब्रश, तुरटी, डाय, लोशन आणि मेडिकलमधून आणलेली प्रत्येक ट्यूब एका पिशवीत घालून न्यावी. संपलेली ट्यूबही फेकू नये, आणि कोणती कधीपासून लावली ते लाज न बाळगता सांगावे.