जुन्या वस्त्रांचे दालन : व्यापाऱ्याने काय पाहावे?

नांदगावचे आपले कापड व्यापारी बंधू मुंबईला मालासाठी जातात, मंगलदास मार्केट आटोपून परततात. एखाद्या खेपेस दोन तास काढून फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील वस्त्रदालन अवश्य पाहावे. तिकिटाचे पैसे वसूल होतात.

पैठणीपुढे जरा थांबावे. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते आणि धागा शेजारच्या धाग्यात गुंतवलेला असतो. म्हणून नक्षी मागूनही तशीच दिसते. यंत्रमागावरील नकलेत पाठीला मोकळे किंवा कापलेले धागे सापडतात. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी नक्कल थांबलेली नाही. येवला आपल्या शेजारी. उलटी बाजू न दाखवता विकलेला एक खोटा नग तिथल्या विणकराची मजुरी बुडवतो आणि आपले गिऱ्हाईकही.

मशरूची गोष्ट आपल्या घरची. बाहेर रेशीम, अंगाला सूत. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य, म्हणून ही विणकर तोड. नावाचा अर्थच ‘शरीअतने मान्य’.

शिंपी बंधूंसाठी जपानी किमोनोचे उदाहरण. जेमतेम चौदा इंच पन्ह्याचा, सुमारे 12 मीटरचा तागा सरळ पट्ट्यांत कापतात. कात्रण जवळजवळ निघतच नाही. धुताना उसवायचा, पुन्हा शिवायचा. आपल्याकडे कात्रणाची पोती भरतात!

वस्त्रदालनात उजेड मंद असेल तर कुरकुरू नये. प्रखर उजेडाने रंग उडतो. शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली महिनोन्महिने टांगलेल्या साडीची घडी उलगडून पाहा.