परड्यातले तळे आणि बेडकांचे वाटेकरी

बेडूक हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभतो काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती स्वाभाविकच आहे. आमचा बहुतेक जन्म कामगारांच्या मागण्या, पगारपत्रके आणि वाटाघाटी यांत गेला. प्राणिशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु कोल्हापुरात फौंड्रीकामगारांच्या ज्या वस्तीत आम्ही राहतो तेथे जुन्या घरांच्या मागे अजून परडे आहे. परड्यात कोठे दगडी टाके, कोठे कमळासाठी खोदलेले लहानसे तळे असते, आणि मृगाचा पाऊस पडला की या तळ्यांवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत कुरबुरी सुरू होतात. युनियनच्या माणसाकडे नळाची तक्रार येते, तशी सापाचीही येते! ‘तळ्यातले बेडूक साप संपवतो आहे, बगळा संपवतो आहे, काहीतरी बंदोबस्त करा,’ हे गाऱ्हाणे आम्ही इतक्या वेळा ऐकले की शेवटी पुस्तके मिळवून वाचली, आणि रात्री बॅटरी घेऊन तळ्याकाठी बसलो. त्यातून जे उमगले ते येथे मांडावयाचे आहे.

तळ्यावर येणारे बेडूक एका जातीचे नसतात. काठाशी नुसते डोळे वर काढून तरंगणारा आणि चाहूल लागताच पाण्यावर टप्पे घेत पळणारा तो एक. पहिल्या मोठ्या पावसात पिवळाधमक होऊन, गालांशी निळ्या पिशव्या फुगवून ‘डराव डराव’ करणारा तो मोठा बेडूक, म्हणजे सोनबेडूक, दुसरा. खरबरीत अंगाचा, दिव्याखाली किडे टिपत बसणारा तो खरे म्हणजे भेक. केवळ अंडी घालण्यापुरता पाण्यात उतरतो. आणि झाडावर राहणारा एक बेडूक पाण्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचे घरटे चिकटवतो, त्यातून पिले खाली पाण्यात टपकतात. या प्रत्येकाचा खाणारा वेगळा, आणि खाण्याची वेळही वेगळी.

आमच्या धंद्यात एक सवय लागते: कोणी म्हणाले की अमक्याने सगळे खाल्ले, तर आधी हजेरीपट काढावयाचा. बेडकांचा हजेरीपट अंड्यांपासून सुरू होतो. सोनबेडूक आणि भेक यांची मादी हजारांनी अंडी घालते. हिशेबासाठी आपण एका जोडीची दोनच हजार धरू. तळ्यातले बेडूक पुढील वर्षीही तितकेच राहावयाचे, तर एका जोडीने जन्मभरात घातलेल्या सगळ्या अंड्यांतून सरासरी दोनच जीव मोठे होऊन पुन्हा अंडी घालण्यापर्यंत पोचावे लागतात. म्हणजे दोन हजारांतून एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव गेले तरी तळ्याचे काही बिघडत नाही. उलट सगळेच जगले, तर दोनच पावसाळ्यांत आपणांस परड्यात पाय ठेवावयास जागा राहणार नाही. निसर्गाने हा जमाखर्च खाणाऱ्यांना धरूनच मांडलेला आहे. तेव्हा बेडूक कोणी खाल्ला या प्रश्नापेक्षा, तो कोणत्या वयात आणि किती खाल्ला, हा प्रश्न महत्त्वाचा.

आणि सगळ्यांत जास्त खाणे होते ते आपणांस दिसतच नाही. ते पाण्याखाली, पिलांना पाय फुटण्यापूर्वी होते. या शेपटीवाल्या पिलाला पुस्तकांत भैकेर म्हणतात. त्याचा मोठा वैरी म्हणजे चतुराची अळी. उन्हात तळ्यावर भिरभिरणारा सुंदर चतुर आपण सारे ओळखतो. पण त्याचे बाळपण तळाच्या चिखलात जाते. या अळीचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दुमडलेला असतो. भैकेर टप्प्यात आले की ती घडी क्षणार्धात उलगडते, पुढचे आकडे भक्ष्यात रुततात, आणि ओठ भक्ष्यासह तोंडाशी परत येतो. लोहाराच्या सांडशीला हात फुटला तर तो असाच चालेल. पाण्यातला मोठा ढेकूण याहून क्रूर वाटतो. तो सोंड खुपसून आत लाळ सोडतो आणि विरघळलेले मांस शोषून घेतो. बुडी मारणाऱ्या भुंगेऱ्याची अळीही तेच करते. पुन्हा सोनबेडकाची पिले स्वतःच मांसाहारी! ती इतर जातींची पिले खातात आणि प्रसंगी आपल्या भावंडांनाही सोडत नाहीत. मोठेपणीही या बेडकाची रीत तीच राहते. लहान बेडूक, उंदराचे पिल्लू, जे तोंडात मावेल ते तो गिळतो.

यावर भैकेरे अगदीच निराधार असतात असे नव्हे. एखादे पिल्लू जखमी झाले की त्याच्या अंगातील द्रव्य पाण्यात पसरते आणि तो वास लागताच बाकीची हालचाल आवरून दडून राहतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संशोधकांनी आपल्याकडच्याच जातींवर या विषयाचे पुष्कळ प्रयोग केले आहेत. भेकाच्या काळ्या पिलांच्या अंगात कडू विषारी द्रव्य असते, त्यामुळे पुष्कळ मासे त्यांना तोंडात घेऊन थुंकून टाकतात. परंतु दडून बसण्याची किंमत मोजावी लागते. दडलेले पिल्लू चरत नाही, चरले नाही तर वाढ खुंटते, आणि तळे लहान असले तर पाणी आटण्याच्या आत पाय फुटावयास हवेत. भूक आणि भय यांतला हा सौदा आम्हांला फार ओळखीचा वाटतो.

तसाच दुसरा पेच मोठ्या नराचा. ओरडल्याशिवाय मादी येत नाही, आणि ओरडले की खाणाऱ्यालाही पत्ता लागतो. पनामाच्या जंगलातील एक वटवाघूळ नराच्या हाकेवरूनच त्याला गाठते, हे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. आपल्याकडे जुन्या वाड्यांतून आणि पडक्या विहिरींतून राहणारे मोठ्या कानांचे एक वटवाघूळ बेडूक खाते. ते भक्ष्याच्या हालचालीचा आवाज ऐकून झडप घालते. तळ्याकाठचा गलका एकाएकी थांबला तर कोणीतरी आले आहे असे समजावे. बहुधा ते आपणच असतो.

पक्ष्यांविषयी थोडक्यात. भुरा बगळा म्हणजे ढोकरी हा तळ्याचा नेहमीचा पाहुणा. बसला तर चिखलाच्या रंगाचा, उडाला तर पांढराशुभ्र. खंड्या नुसते मासे खातो हा समज चुकीचा. बेडूक, सरडे, नाकतोडेही तो फांदीवर आपटून गिळतो. कावळा आणि भारद्वाज संधी साधतात. मुंगूसही रांगेत आहे. मांजर मात्र पुष्कळदा पोटासाठी नव्हे तर खेळासाठी मारते आणि टाकून देते, पण तिच्याविरुद्ध तक्रार घेऊन आमच्याकडे अजून कोणी आलेले नाही!

तक्रार येते ती दिवडीची. पाण्यातला हा साप बेडूक बहुधा मागच्या पायाकडून धरतो आणि जिवंतच गिळू लागतो. बेडूक अंग फुगवतो आणि लहान मुलासारखा टाहो फोडतो. रात्रीच्या शांततेत तो टाहो ऐकून घरातली माणसे काठी घेऊन धावली तर त्यांना दोष देता येत नाही. त्यात दिवड डिवचली की मान चपटी करून उभी राहते. अंधारात तो नागाचा फणा वाटतो. वस्तुतः ती बिनविषारी आहे. चावते मात्र कडकडून. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्याखालून तिरप्या उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा ही तिची खूण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे.

आता हिशेब पाहा. साप थंड रक्ताचा. अंगाची ऊब राखण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही. एक मोठा बेडूक गिळला की पुढे काही दिवस तो स्वस्थ पडून राहतो. इतक्या सावकाश जेवणाऱ्यावर तळे रिकामे केल्याचा आरोप ठेवणे म्हणजे कंपनीच्या तोट्याचे खापर कँटीनच्या चहावर फोडण्यासारखे आहे. मात्र एक गोष्ट लपवून ठेवता कामा नये. बेडूक असले की नागही येऊ शकतो, कारण त्यालाही बेडूक आवडतो. आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशाने माणसे मरतात, त्यांत कष्टकरीच अधिक. म्हणून रात्री परड्यात बॅटरीशिवाय आणि पायताणाशिवाय जाऊ नये, तळ्यालगत लाकडांचा ढीग रचू नये, साप ओळखता येत नसेल तर दूर उभे राहून सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर मंत्र, चिरा, आवळपट्टी यांत वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठावा. भीती खरी आहे. ती चुकीच्या जिवावर काढू नये इतकेच आमचे म्हणणे.

मग तळी ओस का पडतात? आम्ही पाहिले त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी उत्तर एकच निघाले: डासांसाठी मासे सोडलेले होते. गॅम्बुझिया हा अमेरिकेतला बोटभर मासा हिवतापाच्या बंदोबस्तासाठी १९२८ साली हिंदुस्थानात आणला गेला. हेतू चांगलाच होता, आणि हिवतापाने गरिबांचे काय हाल केले ते विसरता येत नाही. परंतु हा मासा डासांच्या अळ्यांवर थांबत नाही. अंडी खातो, भैकेरांच्या शेपट्या कुरतडतो. ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात त्याने स्थानिक बेडकांचे जे नुकसान केले त्याच्या नोंदी आहेत. गप्पी स्वभावाने मवाळ, पण परड्यातल्या टीचभर तळ्यात तोही भारी पडतो. साप जेवून आठवडाभर झोपतो. मासे दिवसभर, रोज, शेकड्यांनी चरतात, आणि बंद तळ्यात त्यांची वीण वाढतच राहते. बेडूक पावसाच्या डबक्यात अंडी का घालतो, याचे मर्म येथेच आहे. डबके आटण्याचा धोका तो पत्करतो, कारण डबक्यात मासा नसतो. पुन्हा गंमत अशी की ज्या चतुराच्या अळीला आम्ही वर वैरी म्हटले तीच डासांच्या अळ्याही खाते. तेव्हा मासे सोडावयाचे ते उघड्या टाक्यांत, बांधकामावरच्या हौदांत सोडावेत. जिथे बेडकांची वीण आहे तिथे नकोत.

बाकीचे मारेकरी दोन पायांचेच. बेडकांच्या तंगड्या गोठवून परदेशी पाठविण्याचा व्यापार आपल्या देशात मोठा होता; विणीसाठी जमलेले सोनबेडूक पोत्यांनी पकडले जात. १९८७ साली ही निर्यात बंद झाली, तरी गोव्यात ‘जंपिंग चिकन’ या नावाखाली पावसाळ्यात चोरटी शिकार होत आली आहे. परड्यात मात्र काम करतो तो सिमेंटचा सरळसोट काठ. पाय फुटलेले पिल्लू पाण्याबाहेर येऊ पाहते, गुळगुळीत भिंत चढता येत नाही, आणि दमून बुडते. त्यासाठी एका कोपऱ्यात दगडांचा उतार रचावा किंवा एक खडबडीत फळी तिरपी टाकावी. काठाला गवताची एक पट्टी न कापता ठेवली तर पिलांना दडावयास जागा मिळते आणि बगळ्यालाही थोडे कष्ट पडतात. गाळ काढावयाचा तो होळीनंतर, वळवाच्या आधी काढावा. जून ते सप्टेंबर तळे उपसू नये, आणि त्यात ब्लीचिंग पावडर तर मुळीच टाकू नये. दगडांचा उतार करावयास आमच्याकडचे मोल्डर एका रविवारी दुपारपर्यंत मोकळे झाले होते. खर्च दोन घमेली वाळूचा.