पारसनीस : कामानें दिलेलें आडनांव

आडनांवावरून माणसाचें मूळ शोधण्याची हौस आपल्या समाजांत पुष्कळांस असते. पाहुणा घरीं आला, कीं त्याचें गांव, कुळ आणि आडनांव यांची चौकशी होते. आणि लग्न जमवावयाचें असलें तर ह्या चौकशीस आणखीच धार चढते. जोशी, कुलकर्णी, देशपांडे अशा आडनांवांपुढें प्रश्न उभा राहत नाहीं. कोणी पंचांग सांगत असे, कोणी गांवचें दप्तर सांभाळीत असे, कोणी परगण्याचा हिशेब ठेवीत असे, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपल्यांत कांहीं आडनांवें अशीं आहेत, कीं तीं धारण करणारांसहि त्यांचा अर्थ विचारला असतां क्षणभर थांबावें लागतें. ‘पारसनीस’ हें त्यांपैकीं एक. तें ऐकलेलें सर्वांनीं असतें. पण कुलकर्णी-देशपांड्यांच्या मानानें तें फार थोड्या घरांत आढळतें. ह्या आडनांवाचा अर्थ काय, तें इतकें विरळ कां, आणि तें कोठें कोठें व कां गेलें, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्द पाहूं. ‘पारस’ म्हणतांच लोखंडाचें सोनें करणारा परीस कित्येकांच्या मनांत येतो. कोणास पारशी लोक आठवतात. परिसाशीं ह्या आडनांवाचा कांहींएक संबंध नाहीं. पारशी समाजाशीं आहे तो एवढाच, कीं दोन्ही नांवें इराणांतील पार्स ह्या एकाच प्रांतावरून आलेलीं आहेत. कालिदासाच्या रघुवंशांत जे ‘पारसीक’ भेटतात, ते तिकडचेच लोक. त्यांची भाषा ती पारसी. अरबी वर्णमालेंत ‘प’ नसल्यामुळें अरबांच्या तोंडीं तिचें ‘फार्सी’ झालें, आणि पुढें तेंच रूप सर्वत्र चाललें. आपल्या आडनांवांत मात्र जुना ‘प’ टिकून राहिला. आतां राहिला ‘नीस’. फार्सींत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. तेव्हां पारसनीस म्हणजे फार्सी लिहिणारा, दरबारचा फार्सी लेखक.

हाच ‘नवीस’ आपल्या कितीतरी आडनांवांच्या शेवटीं बसलेला आहे. चिठ्ठ्यापत्रें लिहिणारा तो चिटणीस, जमाखर्चाचे कागद सांभाळणारा तो फडणीस, खजिन्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस, कोठारें व कारखाने यांची नोंद ठेवणारा तो कारखानीस. सबनीस, जमेनीस, हसबनीस हे ह्याच पंगतीचे. बोलतां बोलतां ‘नवीस’चें ‘नीस’ झालें. पण पूर्ण रूप अजिबात लोपलें असें नाहीं. नागपुराकडे ‘चिटणवीस’ व ‘फडणवीस’ हीं रूपें मोठ्या घराण्यांनीं जशींच्या तशीं राखलीं आहेत.

पारसनीसाचें काम काय होतें, हें समजण्यास त्या काळाचा राजव्यवहार डोळ्यांपुढें आणला पाहिजे. स्वराज्याचा आंतला कारभार मराठींत आणि मोडी लिपींत चाले. परंतु दिल्लीचा बादशहा, हैदराबादचा निजाम, अयोध्येचा नबाब आणि पुढें इंग्रजांची कंपनी, ह्या सर्वांशीं बोलावयाचें म्हणजे फार्सींतच बोलावें लागे. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथांनीं दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणल्या, त्या फार्सींतच होत्या. अशा सनदेंतील एखादा शब्द सैल राहिला, तर मुलूख हातचा जावयाचा. बाहेरून आलेला खलिता उघडून त्यांतील शिकस्ता अक्षर लावणें, त्याचा मराठी अर्थ धन्यास सांगणें, धन्याच्या मनांतील उत्तर फार्सी पत्रपद्धतींत बसविणें, आणि कोणास कोणता किताब व कोणता मायना लिहावा ह्यांत तिळमात्र चूक होऊं न देणें, हें सर्व पारसनीसाच्या माथीं असे. मायन्यांत एक पायरी कमी पडली तर समोरच्याचा अपमान, आणि एक पायरी अधिक चढली तर आपल्या धन्याचा कमीपणा. ज्या माणसावर असा विश्वास टाकावयाचा, तो नुसता भाषा जाणणारा असून भागत नसे. तो गुप्त गोष्ट पोटांत ठेवणारा असावा लागे. शिवाजी महाराजांनीं जिझिया कराविरुद्ध औरंगजेबास लिहिलेलें प्रसिद्ध पत्र नीळ प्रभु मुनशी यांच्या लेखणींतून उतरलें, असें मानितात. तें काम पारसनीसाचेंच होय.

येथें एक मौजेची गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांनीं अष्टप्रधानांचीं फार्सी नांवें काढून संस्कृत नांवें दिलीं. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि परराष्ट्राचा व्यवहार पाहणाऱ्या डबिराचा सुमंत. राज्यकारभारांतील फार्सी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीं ‘राज्यव्यवहारकोश’ हि सिद्ध झाला. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य ह्या थोर घराण्यांनीं हीं संस्कृत पदें अभिमानानें मिरविलीं. पण लोकांच्या जिभेवरून जुना शब्द गेला नाहीं. मुजुमदार, सुरनीस, वाकनीस आणि डबीर हीं आडनांवें आजहि आपल्या ओळखीचीं आहेत. पुढें विसाव्या शतकांत भाषाशुद्धीची चळवळ झाली, तिनें लेखनांतील कित्येक फार्सी शब्द बाहेर काढले. परंतु कोणा चिटणिसानें किंवा पारसनिसानें त्यापायीं आपलें आडनांव बदलल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. कोशांतील शब्द बदलणें सोपें असतें. आजोबांचें नांव बदलणें तितकें सोपें नसतें.

आतां असा प्रश्न येतो, कीं कामाच्या नांवाचें आडनांव झालेंच कसें? उत्तरेकडे अर्जीनवीस म्हणजे कचेरीपाशीं बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा. तें धंद्याचें नांव राहिलें. आपल्याकडे मात्र हुद्दा बापाकडून मुलाकडे जाण्याची चाल होती. वतनाप्रमाणें तो घरांत मुरला, आणि दोन-तीन पिढ्यांत मूळ उपनांव मागें पडून हुद्दाच आडनांव होऊन बसला. ह्याचें सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण म्हणजे नाना फडणीस. त्यांचें नांव बाळाजी जनार्दन, आणि मूळ आडनांव भानु. पण नाना भानु म्हटलें तर कितीजण ओळखतील? त्यांच्या घराण्याकडील फडणिशीनें भानु हें आडनांव झांकून टाकलें.

मग ह्या सर्व ‘निसां’मध्यें पारसनीसच इतके थोडे कां? आमच्या मतें ह्याचें उत्तर कामाच्या स्वरूपांतच आहे. मराठी राज्यांत आठ दरखदार प्रसिद्ध होते : दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस. किल्ला असो, सुभा असो, कीं सरदाराची फौज असो, जेथें पैसा, धान्य आणि माणसें यांची नोंद ठेवावयाची तेथें ह्यांपैकीं कोणाची ना कोणाची गरज पडे. शेंकडों ठिकाणीं हुद्दे, म्हणून शेंकडों घरांत तीं आडनांवें. त्या आठांच्या यादींत पारसनीस नाहीं. किल्ल्याच्या धान्याचा हिशेब फार्सींत लिहावयाचा नव्हता, आणि हवालदारास दिल्लीशीं पत्रव्यवहार करावयाचा नव्हता. पारसनीस लागे तो केवळ परदरबाराशीं बोलणें चालणाऱ्या गादीपाशीं. अशा गाद्या बोटांवर मोजण्याइतक्याच : सातारा, पुणें, नागपूर, बडोदें, इंदूर, ग्वाल्हेर. त्यांतहि प्रत्येक ठिकाणीं ह्या कामास हेंच नांव होतें असें नाहीं. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारीं श्रीधर पंडितांस ‘मुनशी’ म्हणत. आणि मुनशी हेंहि पुढें आडनांव झालें. म्हणजे मुळांत जागा थोड्या, आणि त्यांतल्या कांहींवर दुसऱ्या नांवाचा हक्क. आडनांव विरळ झालें तें ह्यामुळें.

ह्याच कारणानें ह्या आडनांवाची वांटणीहि निराळी आहे. एखाद्या गांवावरून पडलेलें आडनांव त्या गांवाभोंवतीं दाट आढळतें, आणि दूर जावें तसें पातळ होतें. पारसनीस हें आडनांव तसें पसरलेलें नाहीं. त्याचा माग काढावयाचा तर नकाशावर गांवांची नव्हे, दरबारांची रेघ ओढावी लागते. कृष्णाकांठच्या साताऱ्यापासून चंबळेजवळच्या ग्वाल्हेरपर्यंत मराठी लेखणी जेथें जेथें गेली, त्या वाटेवर अशा कारकुनी आडनांवांचीं घरें विखुरलेलीं सांपडतात.

दरबार गेले, तशी कामाचीहि गरज सरली. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें, १८५४ सालीं नागपूर गेलें. १८३७ च्या कायद्यानें तर कंपनीच्या मुलखांतील न्याय व महसूल ह्या खात्यांतूनहि फार्सीस रजा देण्याचा मार्ग मोकळा झाला. निजामाच्या राज्यांत ती आणखी कांहीं काळ टिकली; १८८४ च्या सुमारास तेथेंहि तिची जागा उर्दूनें घेतली. फार्सीच्या जोरावर जगणाऱ्या घरांतील मुलांनीं मग इंग्रजी शाळेची वाट धरली. शाळामास्तर, वकील, डॉक्टर, कारखान्यांतील इंजिनिअर अशा नाना वाटांनीं तीं गेलीं. घरांत फार्सीचें एक अक्षरहि उरलें नाहीं, पण दारावरच्या पाटीवर ‘फार्सी लिहिणारा’ हें बिरुद तसेंच राहिलें.

ह्या आडनांवास साजेसें काम करणारे एक गृहस्थ मात्र पुढें होऊन गेले, त्यांचें स्मरण केल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. ते म्हणजे साताऱ्याचे रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६). झांशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचें त्यांनीं लिहिलेलें चरित्र १८९४ सालीं प्रसिद्ध झालें. ‘भारतवर्ष’ आणि ‘इतिहाससंग्रह’ ह्या मासिकांतून त्यांनीं जुने कागद छापिले. नाना फडणिसांचें मेणवली येथील दप्तर त्यांच्या हातीं आलें, तें जपलें गेलें. त्यांचा संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आला. त्यांच्या संग्रहांत दिल्लीहून आलेलीं फार्सी बातमीपत्रेंहि होतीं. १७६१ ते १७८८ ह्या काळांतील त्या बातमीपत्रांचें सर यदुनाथ सरकार यांनीं इंग्रजींत केलेलें भाषांतर मुंबई सरकारनें १९५३ सालीं प्रसिद्ध केलें. पारसनीस ह्या नांवाच्या गृहस्थानें जतन केलेले फार्सी कागद वाचण्यास बंगालचे सरकार पुढें आले, ह्यांत आम्हांस मोठें औचित्य दिसतें.

कारण फार्सी वाचण्याचें जुनें काम एव्हांना आडनांव सोडून दुसऱ्या घरीं गेलें होतें. १९२५ सालीं ‘फार्शी-मराठी कोश’ दिला तो माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनीं. ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ मराठी वाचकांपुढें आणलें तें ग. ह. खरे यांनीं. फार्सी साधनें मराठींत उतरविण्यासाठीं आयुष्य वेंचलें तें सेतु माधवराव पगडी यांनीं. खऱ्या अर्थानें पारसनिशी केली ती ह्या तिघांनीं. आडनांव मात्र त्यांपैकीं एकाचेंहि तें नव्हे.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली ही, कीं असलें आडनांव रक्ताचा पुरावा नव्हे, कामाचा पुरावा आहे. चिटणीस हें आडनांव चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत आहे, तसें ब्राह्मणांतहि आहे. फडणीस कोंकणस्थांत आहेत, तसे देशस्थांतहि. दोन पारसनीस भेटले तर ते भाऊबंद असतीलच असें नाहीं. दोन निरनिराळ्या दरबारांत दोन निरनिराळ्या घराण्यांच्या पूर्वजांनीं एकच लेखणी धरली असेल. तेव्हां आडनांवावरून जात ठरविणें, नातें जोडणें किंवा एकच आडनांव म्हणून चांगलें स्थळ नाकारणें, हें तिन्ही प्रकार सारखेच कच्च्या पायावरचे आहेत. गोत्र, कुलवृत्तांत आणि घरचे कागद पाहावे. केवळ पाटी पाहूं नये.

दुसरी गोष्ट घरच्या कागदांचीच. ज्यांच्या आडनांवाच्या शेवटीं ‘नीस’ आहे, त्यांच्या जुन्या वाड्यांत, माळ्यावर किंवा देवघरामागच्या पेटींत एखादें रुमालांत बांधलेलें बाड असण्याचा संभव इतरांहून अधिक. मोडी कागद निदान आपल्या भाषेचे म्हणून कोणी ठेवितो. फार्सी कागद मात्र ‘आपले नव्हेत’ अशा समजुतीनें रद्दींत जातात. ते आपलेच आहेत. आपल्याच कोणा पणजोबांनीं मान मोडून ते लिहिले किंवा वाचले, आणि त्याच श्रमांचें नांव आपण आज लावितों. आपणांस ते लागत नसतील तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून हेंच काम करीत आलेल्या संस्थेस ते दाखवावे. एखादा कागद निरुपयोगी निघाला तर तेवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण न वाचतां फेंकलेला कागद पुन्हां मिळत नाहीं. पुढच्या सुटींत मूळ गांवीं जाणें झालें, तर एवढी एक पेटी अवश्य उघडून पाहावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे.