सुताराचे फिरते बाक : निगा आणि हलवाहलव

मन्याड नदीकाठचे कंधार हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. अशा गावातील सुताराचे काम एका जागी राहत नाही. बाभळीची तिफण किंवा वखर दुरुस्त करण्यापासून सागवानी चौकटी बसविण्यापर्यंत त्याला कधी दुकानात, कधी ओसरीवर, तर कधी बांधकामाच्या जागी राबावे लागते. पूर्वीचा बलुतेदार सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरी. उभ्याने काम करण्यासाठी बाक आले आणि त्याबरोबर ते हलविण्याचा प्रश्नही आला. काम चालू असताना बाक सरकले, तर पटाशी हातात शिरते. म्हणून फिरत्या बाकाचा पहिला गुण फिरणे हा नसून स्थिर राहणे हा होय.

घडीच्या बाकाची कल्पना जगभर रुजविली ती रॉन हिकमन या अभिकल्पकाने. खुर्चीवर फळी ठेवून कापताना त्याच्या करवतीने खुर्चीच कापली गेली. त्यातून सुचलेले, लाकूड घट्ट धरणारे ‘वर्कमेट’ बाक 1970 नंतरच्या दशकात सर्वत्र पोहोचले.

बाकाला चाके बसविताना भार चाकांवर नव्हे, तर पायांवर राहील अशी योजना असावी. एकाच बाजूच्या दोन पायांना बाहेरून चाके लावावीत. बाक उभे असताना ती जमिनीपासून किंचित वर राहतात. दुसरी बाजू उचलली की जमिनीला टेकतात. शहाबादी फरशीच्या सांध्यांवरून मोठे चाक सहज जाते, लहान चाक अडते.

बाक हलविण्यापूर्वी वरील हत्यारे उतरवावीत आणि विजेवर चालणाऱ्या यंत्राची जोडणी काढावी. शेगडा जड असेल, तर तो सोडवून वेगळा न्यावा. बिडाचा शेगडा पडल्यास वाकत नाही, तडकतो. बाक फरफटत नेऊ नये. त्याने पायांचे सांधे सैल होतात. दोघांनी गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून ते उचलावे. नव्या जागी डुगडुगणाऱ्या पायाखाली पाचर सारावी.

लाकूड पावसाळ्यात ओलावा घेऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते. हा फरक मुख्यतः रुंदीत पडतो. त्यामुळे बाकाची फळी उन्हात किंवा ओल्या भिंतीलगत ठेवू नये. पाय विटेवर टेकवून ठेवल्यास ओल कमी लागते. वाळवीची माती दिसते का, हेही अधूनमधून पाहावे. वर्षातून एकदा जवसाचे तेल पातळ चोळावे. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते व चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर पसरून वाळवाव्यात.

दिनांक 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश असून, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मिळालेले साधन टिकविणे मात्र कारागिराच्याच हाती असते. सुताराचे दहाही बोटांचे हात हेच त्याचे खरे भांडवल. स्थिर बाक त्या भांडवलाचे रक्षण करते.